नऊ टाक्या हवा, एक लिटर पेट्रोल

सोयाबीनची सोंगणी आटोपली, मळणीयंत्रं शेतातून निघाली की मेहकरच्या कोणत्याही गॅरेजसमोर अर्धा तास उभं राहून बघा. डोणगाव, जानेफळ, सुलतानपूरकडून आलेल्या गाड्या ओळीनं लागलेल्या असतात आणि तक्रार बहुतेकांची एकच असते: गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. मिस्त्री साइड पॅनल काढतो, फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडतो आणि फिल्टर फरशीवर हलकेच आपटतो. पहिल्याच आपटीत पांदण रस्त्याची बारीक माती आणि कुटाराची तुसं यांचा मूठभर ढीग खाली पडतो. शेजारी उभा असलेला एखादा पोरगा तो ढीग बघतो आणि विचारतो, "भाऊ, हा डबाच काढून टाकू अन् कोन फिल्टर लावू. गाडीला हवा तर मोकळी मिळंल?"

प्रश्न चांगला आहे. कुणी तो टाळू नये आणि पोराला हसूही नये. या लेखात त्याचंच उत्तर द्यायचं आहे, कारण मी स्वतः तो उद्योग केलेला आहे. शंभर सीसीची चांगली चालणारी गाडी होती. एका दुकानातून कोन फिल्टर आणला, डबा काढून गोठ्यात ठेवून दिला. गाडीचा आवाज भारदस्त झाला आणि महिनाभर मला वाटत राहिलं की ती पळतेही जास्त. मग ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फट्‌फट्‌ व्हायला लागलं, चढावर इंजिन तापायला लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यात निळा धूर दिसला. हेड उघडलं तेव्हा सिलेंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा होत्या. बोटाचं नख आडवं फिरवलं तर ते प्रत्येक रेघेत अडकत होतं. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळंच काम निघालं. त्या रेघा पडल्या धुळीनं, आणि धुळीला वाट मी करून दिली होती.

म्हणून आधी हवेचा हिशेब समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. वजनात हे फारसं डोळ्यांपुढे येत नाही, आकारमानात येतं. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनला जवळपास नऊ हजार लिटर हवा ओढावी लागते. घरावर आपण हजार लिटरची पाण्याची टाकी बसवतो, तशा नऊ टाक्या. गाडी लिटरला साठ किलोमीटर देत असेल तर दर किलोमीटरला दीडशे लिटर हवा झाली. मेहकरहून लोणारला जाऊन आलात, पन्नासेक किलोमीटर झाले, तर तुमच्या इंजिननं साडेसात हजार लिटर हवा पोटात घेतली. आता हीच हवा मळणी चालू असलेल्या शेताच्या धुऱ्यावरून, पुढे चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागून घेतली असेल तर तिच्यात काय काय असेल, याचा विचार करा. धुळीतले वाळूचे कण सिलेंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. ते तेलात मिसळले की त्याचा पॉलिश पेपर होतो.

दुसरी गोष्ट कार्बोरेटरची. आत एक अरुंद नळी असते. हवा तिच्यातून वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जाऊन फवारलं जातं. कार्बोरेटरला ना डोकं आहे ना सेन्सर. तो फक्त ओढ ओळखतो. कंपनीनं जेटचं भोक ठरवलं ते फिल्टरचा डबा, डब्याचं नाकाडं, फिल्टर आणि सायलेन्सर हे सगळं धरून. डब्याचा अडथळा त्या मापात आधीच मोजलेला असतो. "कंपनीनं हवा दाबून ठेवलेली असते" असं पोरं म्हणतात त्यात एवढंच खरं आहे की डबा हवेला थोडी अडवतो. तो काढला की हवा सहज आत येते, जेटवरची ओढ कमी होते आणि पेट्रोल तेवढंच किंवा कमी येतं. मिश्रण पातळ होतं, मिस्त्रींच्या भाषेत गाडी लीन होते. लीन गाडी तापते, अडखळते आणि टू-स्ट्रोक असेल तर थेट पिस्टन धरते. आरएक्स १०० सांभाळून ठेवलेले बरेच जण आजही आपल्याकडे आहेत. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या त्या गाडीचा पिस्टन आज जपून वापरावा असा आहे. तिचा डबा काढून जेट तोच ठेवणं मला तरी सहन होत नाही.

यात गेल्या काही वर्षांत आणखी एक भर पडली आहे. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका भागाला जळायला नऊच भाग हवा पुरते, म्हणजे ई-२० ला तेवढ्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन हवं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक भरून काढतो. कार्बोरेटरच्या गाडीत जेटचं भोक पंधरा वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे. म्हणजे जुनी गाडी काहीही न करता आधीच थोडी लीन झालेली आहे. तिचा डबा काढणं म्हणजे त्याच दिशेला आणखी एक पाऊल. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. फ्लोटच्या पिनचं रबरी टोक, ओ-रिंगा, पेट्रोलची नळी फुगतात किंवा कडक होतात. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. हे काम दोन मिनिटांचं आहे.

आता हाताशी काय करायचं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण निम्म्या गाड्या क्रम चुकल्यामुळे बिघडतात. गाडी ओढत नाही म्हटल्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर घेऊन एअर स्क्रू पिळायला लागणं ही सगळ्यात वाईट सवय.

आधी फिल्टर. फोमचा असेल तर तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळा पण मुरगाळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. मग इंजिन ऑइलचे थोडे थेंब सगळीकडे मुरवून जास्तीचं दाबून काढा. तेल न लावलेला फोम धूळ धरत नाही, ती नुसती पुढे जाऊ देतो. पेट्रोलमध्ये धुऊ नका. फोम लवकर झिजतो आणि आगीची भीती वेगळीच. कागदाचा चिकट फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही आणि पंक्चरवाल्याच्या हवेनं फुंकायचाही नाही. फुंकला की त्यावरचं तेल उडतं, कागदाला दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं पडतात आणि वरून तो स्वच्छ दिसत राहतो. तो बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात बदलायचे जे किलोमीटर दिले आहेत ते डांबरी रस्त्याचे समजा. ज्याची गाडी रोज शेतात जाते त्यानं मळणीचा हंगाम संपला की किलोमीटर न बघता फिल्टर बघावा. डब्याच्या झाकणाची रबरी पट्टी, डबा आणि कार्बोरेटर जोडणारी रबरी नळी आणि तिची क्लिप हेही त्याच वेळी पाहा. नळीच्या आत बोट फिरवा. बोटाला कोरडी माती लागली तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ दुसऱ्या वाटेनं आत जाते आहे.

मग प्लग, टॅपेट आणि इंजिनकडची हवा. टॅपेट थंड इंजिनवर कंपनीच्या मापानं लावलेले असले पाहिजेत. ते घट्ट असतील तर कार्बोरेटर कितीही साफ करा, गाडी स्लोवर थांबणार नाही. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडात ओ-रिंग असते. नट जोर लावून आवळल्यानं तिथला पत्रा वाकलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर जोड हवा खातो आहे. हे तपासायला पेट्रोल शिंपडू नका.

त्यानंतर कार्बोरेटर उघडायचा. खाली स्वच्छ पांढरं कापड पसरा, म्हणजे पडलेला जेट सापडतो. उघडण्यापूर्वी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं आत पूर्ण बसेपर्यंत फिरवा, किती फेऱ्या झाल्या ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो दीड ते अडीच फेऱ्या बाहेर असतो. जेट पितळेचे असतात. त्यात टाचणी, सेफ्टी पिन किंवा क्लचच्या केबलची तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी जेट कायमचा बिघडला. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, हवेचा झोत आणि फारच घट्ट बसलेली घाण असेल तर विजेच्या वायरमधला एक मऊ तांब्याचा धागा, एवढंच वापरा. जेट उजेडासमोर धरा. भोकातून गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. वाटीच्या तळाशी पांढरट-हिरवट थर आणि पाण्याचे मणी दिसले तर नवल मानू नका, टाकीचाही तळ एकदा साफ करा.

गाडी परत जोडल्यावर आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. थंड इंजिनवर केलेलं ट्युनिंग दुपारपर्यंतही टिकत नाही. मग स्लोचा स्क्रू फिरवून इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर ठेवा; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. आता मिश्रणाचा स्क्रू. इथे बरेच जण फसतात. स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण घट्ट म्हणजे रिच होतं. तो इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा आहे आणि बाहेर फिरवला की रिच होतं. उलटं धरलंत तर तासभर घाम गाळाल आणि गाडी आणखी बिघडेल. पाव-पाव फेरी फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा, कान लावा. रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी होते ती जागा शोधा, मग स्लोचा स्क्रू फिरवून रेस पुन्हा खाली आणा. एवढ्यानं दहातल्या आठ गाड्यांचं समाधान होतं, आणि कोन फिल्टरची आठवणही राहत नाही.

राहिले दोन, ज्यांना तरीही बदल करायचाच आहे. त्यांना माझा सल्ला असा की डबा ठेवा, आतला फिल्टर बदला. त्याच मापाचा, हवा थोडी मोकळी सोडणारा चांगला फिल्टर मिळत असेल तर तो घाला. डबा मागच्या चाकाच्या चिखलापासून, पावसापासून आणि इंजिनच्या गरम हवेपासून फिल्टरला वाचवतो. कोन फिल्टर उघड्यावर टांगला की आषाढात त्यावर चिखलाचं पाणी उडणार आणि वैशाखात तो इंजिनच्या बाजूची तापलेली हवा ओढणार. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे ज्यासाठी डबा काढला तेच गेलं. साडेसात-आठ अश्वशक्तीच्या शंभर सीसी गाडीत यातून हाताला जाणवेल असा फायदा होत नाही. वाढतो तो आवाज, आणि कान पायापेक्षा लवकर फसतो.

हवा वाढवली तर पेट्रोल वाढवावंच लागतं. त्याची पद्धत अशी. ॲक्सिलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाऊण ते पूर्ण मुठीचं काम मेन जेटचं, पाव ते पाऊण सुईचं, आणि त्याखालचं पायलट जेट आणि स्क्रूचं. काम वरून खाली करायचं: आधी मेन जेट, मग सुई, शेवटी स्क्रू. मेन जेट एका वेळी एकच पायरी मोठा घ्या आणि नेहमी रिचकडून लीनकडे या. रिच गाडी पेट्रोल खाईल, प्लग काळा करेल. लीन गाडी पिस्टन खाईल. केहिनच्या जेटवरचे आकडे आणि मिकुनीच्या जेटवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून जेट ज्या कार्बोरेटरचा त्याच कंपनीचा घ्या. सुईवर खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं, वरच्या खाचेत घातली की लीन. एका दिवसात एकच बदल करा आणि वहीत लिहा: तारीख, जेट, खाच, फेऱ्या, प्लगचा रंग. वही नसेल तर तिसऱ्या बदलानंतर आपण कुठून निघालो होतो तेच सापडत नाही.

तपासायची सोपी खूण चोकची. गरम गाडी अडखळते आहे त्या वेगावर चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर ती लीन आहे, आणखी बिघडली तर रिच. दुसरी खूण प्लगची. नवा प्लग लावून रिकाम्या, सरळ रस्त्यावर गाडी त्या मुठीवर काही वेळ चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, बाजूला थांबून प्लग काढा. आतलं पांढरं चिनी मातीचं टोक फिकट विटकरी दिसलं तर ठीक, काजळी असेल तर रिच, खडूसारखं कोरडं पांढरं असेल तर लगेच जेट वाढवा. हेल्मेट घालून, पहाटे, ओळखीच्या रस्त्यावर करायचं हे काम आहे. समृद्धी महामार्ग गावाजवळून जातो म्हणून त्याचा मोह नको. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि तिथल्या गाड्यांचा वेग ताशी शंभराच्या पुढे असतो.

पल्सर २२० च्या कार्बोरेटर मॉडेलसारख्या गाड्यांचं वेगळं. त्यांच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टन केबलनं उचलला जात नाही, रबरी पडद्यावरच्या हवेच्या दाबानं उचलला जातो. हा दाब फिल्टरच्या डब्यातल्या शांत हवेवर अवलंबून असतो. डबा काढला की पडदा थरथरतो आणि मधल्या वेगाला कोणताही जेट लागू पडत नाही. या गाडीत डब्याला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. कार्बोरेटर साफ करताना तो रबरी पडदाही आधी काढून ठेवा, क्लीनरनं तो फुगतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर स्प्लेंडरसकट बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. त्यांना जेट नाही, पण फिल्टर तोच आहे आणि धूळही तीच. त्यांच्या मालकांना या लेखातला फिल्टरचा परिच्छेद पुरेसा आहे.

हवामानाचंही थोडं. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, हवा विरळ होते आणि गाडी किंचित रिच चालते. मेहकरला नीट लावलेली गाडी चिखलदऱ्याला अकराशे मीटरवर नेली तर तीच गोष्ट होते. दोन्ही वेळी स्क्रू पिळू नका, परत आल्यावर गाडी आपोआप जागेवर येते. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं, तेव्हा चोक आहे.

कायद्याचं बोलणं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत नसलेल्या बदलांना मनाई करतं आणि आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० (२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पीयूसीच्या तपासणीत एप्रिल २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक कार्बोरेटर गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पीयूसीवाल्याच्या यंत्रावरचा तो आकडा मला ट्युनिंगसाठी फार उपयोगाचा वाटतो. कागद घेऊन खिशात घालण्याआधी तो वाचा. मागच्या वेळेपेक्षा तो खूप वाढला असेल तर गाडी रिच झाली आहे, मग कानाला कितीही गोड वाटो. काढलेला डबा, नाकाडं, जुने जेट भंगारात देऊ नका. पासिंगच्या वेळी आणि गाडी विकताना तेच लागतात, आणि जुन्या मॉडेलचे डबे आता सहज मिळत नाहीत.

माझा डबा गोठ्यात होता म्हणून वाचला. नवा बोअर झाल्यावर तो धुऊन परत बसवला, नवी रबरी पट्टी लावली, आणि तो आजही त्या गाडीवर आहे. यंदाची सोंगणी सुरू व्हायच्या आत तुमच्या गाडीचं साइड पॅनल उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि कार्बोरेटरकडच्या नळीत आतून एकदा बोट फिरवून बघा.